वळसा टाळणारी बोट : ‘लेक एक्स्प्रेस’ची वाटचाल

‘लेक एक्स्प्रेस’चं वेळापत्रक पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास गोंधळतो. पहिली बोट मिलवॉकीहून सकाळी सहाला सुटते आणि साडेनऊला मस्कीगनला लागते; म्हणजे साडेतीन तास. तीच बोट सव्वादहाला परत निघते आणि पावणेबाराला मिलवॉकीत हजर. म्हणजे फक्त दीड तास! जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर असतो की काय, अशी शंका येते. खरी भानगड घड्याळाची आहे. मिलवॉकी विस्कॉन्सिन राज्यात, मस्कीगन मिशिगन राज्यात, आणि विस्कॉन्सिनचं घड्याळ एक तास मागे चालतं. बोटीला दोन्ही वेळा लागतात ते अडीच तासच.

अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरावर 1 जून 2004 रोजी सुरू झालेली ही अतिजलद वाहन-फेरी. माणसांना त्यांच्या गाड्यांसकट उचलायचं, पलीकडच्या काठावर नेऊन ठेवायचं, एवढंच तिचं काम. तेही वर्षातले सहा महिने. मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत. बाकीचे सहा महिने बोट धक्क्याला बांधलेली. अशी अर्धवर्षी सेवा वीस वर्षांहून अधिक काळ कशी टिकली, हा प्रश्न मला या वाटचालीत सर्वात रंजक वाटतो. कारण त्याच 2004 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तशाच आणखी दोन बोटी मोठ्या थाटात पाण्यात उतरल्या होत्या. त्या दोन्ही आज तिथे नाहीत.

सरोवर म्हणजे किती मोठं?

सरोवर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लोणार येतं, फार तर कोयनेचा शिवसागर. मिशिगन सरोवराला ते माप लावून चालत नाही. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 58,000 चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या जवळपास एक पंचमांश. लांबी पाचशे किलोमीटरला टेकलेली, म्हणजे मुंबईहून गाडीने निघालेला माणूस तेवढ्यात सावंतवाडीच्या आसपास पोचेल. रुंदी जास्तीत जास्त 190 किलोमीटर आणि सर्वात खोल जागी 281 मीटर पाणी. पाणी गोडं, पण वागणं समुद्राचं. उलट समुद्राच्या लाटा लांब आणि संथ तरी येतात. इथल्या लाटा आखूड, उभ्या आणि एकमेकींच्या पाठोपाठ येणाऱ्या. जहाजाला सावरायला उसंत देत नाहीत. पाच महासरोवरांपैकी पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत असलेलं हे एकमेव. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व पुढे कळेल.

हे सरोवर उत्तर-दक्षिण उभं पसरलंय आणि त्याच्या दक्षिण टोकाला बसलंय शिकागो. मिलवॉकीहून मस्कीगनला मोटारीने जायचं तर आधी दक्षिणेला शिकागोपर्यंत उतरायचं, त्या शहराच्या वाहतुकीतून वाट काढायची, इंडियानाचा कोपरा कापायचा आणि पुन्हा उत्तरेला चढायचं. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. वाट मोकळी मिळाली तर साडेचार-पाच तास. पण शुक्रवारी संध्याकाळी शिकागोत वाट मोकळी मिळण्याचा भरवसा तिथला माणूस कधी देणार नाही.

मुंबईकराला हे गणित नव्याने समजावून सांगायला नको. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला पाण्यातून तासाभरात पोचता येतं आणि रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ करत जावं लागतं. म्हणूनच मार्च 2020 मध्ये तिथे गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यावर अलिबागकडे जाणाऱ्यांनी ती चटकन आपलीशी केली. रस्ता जिथे वळसा घालतो तिथे फेरीला जागा असते. मिशिगन सरोवरावरच्या सव्वाशे वर्षांच्या जलवाहतुकीचा सगळा इतिहास या एका वळशाभोवती फिरतो.

आगगाडीचे डबे पोटात घेणाऱ्या बोटी

शिकागोचा वळसा पहिल्यांदा सलला तो रेल्वे कंपन्यांना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा सारा माल शिकागोच्या यार्डांत येऊन तुंबायचा. डबे दिवसच्या दिवस अडकून पडायचे. मग अ‍ॅन आर्बर या रेल्वे कंपनीने धाडस केलं. 1892 मध्ये मिशिगनमधल्या फ्रँकफर्टजवळून पलीकडच्या किवॉनीला भरलेले मालडबे थेट बोटीवर चढवून पाठवले. बोटीच्या डेकवर रूळ टाकलेले, मागच्या बाजूने डबे आत ढकलायचे, साखळ्या-जॅकनी जखडायचे आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा इंजिनाने ओढून काढायचे. नद्या-खाड्यांवर असं आधीही होत असे; एवढ्या मोठ्या उघड्या पाण्यावर रेल्वेचे डबे नेण्याची ही सुरुवात. पुढे पेर मार्केट, ग्रँड ट्रंक अशा कंपन्या उतरल्या. लडिंग्टन, ग्रँड हेवन, मस्कीगन, मिलवॉकी, मॅनिटोवॉक ही बंदरं रूळबोटींनी गजबजून गेली.

या बोटींचा एक बाणा होता : बारा महिने चालायचं. माल थांबत नाही, म्हणून बोट थांबायची नाही. हिवाळ्यात सरोवराच्या कडा गोठतात. या बोटी बर्फ फोडत जायच्या. या बाण्याची किंमत 22 ऑक्टोबर 1929 रोजी मोजावी लागली. ग्रँड ट्रंकची ‘मिलवॉकी’ नावाची रूळबोट भर वादळात मिलवॉकी बंदरातून ग्रँड हेवनकडे निघाली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतं. नंतर किनाऱ्याला लागलेल्या एका डबीत पर्सरची, म्हणजे बोटीवरच्या हिशेबनिसाची, चिठ्ठी सापडली, तिच्यातून थोडंफार कळलं : मागचं लोखंडी दार लाटांनी वाकलंय, पाणी आवरत नाही, आम्ही परत मिलवॉकीकडे वळलोय. बोट पोचली नाही. खलाशांपैकी एकही वाचला नाही. तिचे अवशेष 1972 मध्ये मिलवॉकीपासून फार दूर नाही अशा जागी सापडले. ऑक्टोबर संपता संपता धक्क्याला बांधली जाणारी आजची बोट पाहताना ही तारीख आठवल्याशिवाय राहत नाही.

ग्रँड ट्रंकने 1933 मध्ये आपला पूर्वेकडचा धक्का ग्रँड हेवनहून मस्कीगनला हलवला आणि मिलवॉकी-मस्कीगन ही जोडी पक्की झाली. माणसांची ने-आण करणारी या मार्गावरची खरी लाडकी बोट मात्र 1941 मध्ये आली. तिचं नाव ‘मिलवॉकी क्लिपर’. जन्म 1904 चा, क्लीव्हलँडमध्ये, ‘जुनियाटा’ या नावाने. ‘मॉरो कॅसल’ या जहाजाला 1934 मध्ये लागलेल्या भीषण आगीनंतर प्रवासी जहाजांवरच्या लाकूडकामाबद्दलचे नियम कडक झाले आणि ‘जुनियाटा’ बसून राहिली. मग मॅनिटोवॉकच्या गोदीत तिचा वरचा सगळा भाग काढून पोलादाचा, गुळगुळीत वळणांचा नवा साज चढवला गेला. खाली जुनंच वाफेचं इंजिन, वर नवी नवरी! सुट्टीवर निघालेली कुटुंबं, त्यांच्या मोटारी, आणि मिशिगनच्या कारखान्यांतून निघालेल्या कोऱ्या गाड्या असा सारा कारभार ती उन्हाळ्यातून उन्हाळ्यात करत राहिली. महामार्ग रुंद झाले, कोऱ्या गाड्या रस्त्याने आणि रेल्वेने जाऊ लागल्या. 1970 मध्ये ‘क्लिपर’ थांबली. ग्रँड ट्रंकच्या रूळबोटी 1978 मध्ये बंद पडल्या. मिलवॉकी आणि मस्कीगन समोरासमोर बसून राहिली, मधलं पाणी रिकामं.

सरोवरावरची एक बोट मात्र तगली. थोड्या उत्तरेला लडिंग्टन-मॅनिटोवॉक मार्गावर ‘बॅजर’ ही 1953 मध्ये सेवेत आलेली, कोळशावर चालणारी 125 मीटर लांबीची आगबोट. 1990 मध्ये तीही बंद पडली होती; पण लडिंग्टनचेच उद्योजक चार्ल्स कॉनरॅड यांनी ती विकत घेऊन 1992 मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा सुरू केली. ती आरामात, चार तास घेत पलीकडे जाते. माल नाही, फक्त उन्हाळी प्रवासी, एवढ्यावर बोट चालू शकते हा धडा ‘बॅजर’ने घालून दिला.

कल्पना बंदरातली, पैसा शहरातला

मिलवॉकी-मस्कीगन मार्ग पुन्हा सुरू करण्यामागे केन सलाई यांचं नाव प्रामुख्याने घ्यावं लागतं. ते मिलवॉकी बंदराचे संचालक होते, आणि पुढे ‘लेक एक्स्प्रेस’ कंपनीचे अध्यक्ष झाले. बंदराच्या कारभारात वर्षं काढलेल्या माणसाला पाण्याचा मार्ग रिकामा पडलेला पाहवत नाही, ही एक बाजू. दुसरी म्हणजे धक्के, पाण्याची खोली, वादळाचे दिवस, परवानग्या यांचा हिशेब त्यांना पाठ होता. भांडवलासाठी मिलवॉकीतलेच गुंतवणूकदार पुढे आले. त्यांत शेल्डन लुबार यांची लुबार अँड कंपनी प्रमुख. केंद्र सरकारने जहाजबांधणीच्या कर्जाला हमी दिली. म्हणजे पैसा खासगी, जोखीम खासगी, पाठीवर सरकारचा हात.

आता प्रश्न बोटीचा. अतिजलद वाहन-फेऱ्या बांधण्यात तेव्हा ऑस्ट्रेलियाचा हात धरणारं फारसं कुणी नव्हतं. पण अमेरिकेच्या कायद्याने देशातल्या दोन बंदरांमध्ये चालणारी बोट देशातच बांधलेली लागते. मिशिगन सरोवर पूर्णपणे अमेरिकेत. म्हणजे हा नियम चुकवायला जागा नाही. सुदैवाने ऑस्टल या ऑस्ट्रेलियन कंपनीने काही वर्षांपूर्वीच अलाबामातल्या मोबील या गावी गोदी उघडली होती. तिथे बोट बांधली गेली : अ‍ॅल्युमिनियमची, जोड-कायेची, म्हणजे कॅटामरान. लांबी सुमारे 58 मीटर, रुंदी साडेसतरा मीटरच्या आसपास. 248 प्रवासी आणि 46 मोटारी. बस्स, एवढीच.

मोबील हे मेक्सिकोच्या आखातावरचं बंदर. तिथून बोट फ्लोरिडाला वळसा घालून अटलांटिकमध्ये, किनाऱ्याने उत्तरेला, सेंट लॉरेन्स नदीतून आत, मग एकेक सरोवर आणि जलपाशांच्या पायऱ्या चढत मिलवॉकीला आली. इतरांचा वळसा वाचवण्यासाठी बांधलेल्या बोटीला स्वतः मात्र अर्ध्या खंडाचा वळसा घालावा लागला.

1 जून 2004 ला पहिली फेरी निघाली आणि अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये धावणारी पहिली अतिजलद वाहन-फेरी असा मान तिच्याकडे गेला.

46 गाड्या आणि चार जेट

या बोटीला पंखे नाहीत. चार डिझेल इंजिनं, प्रत्येकी सुमारे 3,000 अश्वशक्तीची. ती फिरवतात चार जलजेट. बोटीच्या पोटाखालून पाणी आत ओढायचं आणि मागच्या नळांतून प्रचंड जोराने बाहेर फेकायचं. त्या धक्क्याने बोट पुढे सरकते. वळायचं असेल तर नळाचं तोंडच फिरवायचं. सुकाणू वेगळं नाही. वेग 34 नॉट, म्हणजे ताशी साधारण 63 किलोमीटर. मोटारीच्या मानाने काही विशेष नाही. पण डेकवर उभं राहून पाहिलं की मागे फुटणारी पांढरी शेपटी लांबच लांब गेलेली दिसते आणि डोक्यावरची टोपी सांभाळावी लागते.

दोन अरुंद काया पाणी कापत जातात, त्यामुळे घर्षण कमी. अ‍ॅल्युमिनियम हलकं, त्यामुळे तेवढ्याच ताकदीत वेग जास्त. पण हलक्या बोटीला लाटा जास्त झुलवतात. म्हणून पाण्याखाली हलणारी पाती बसवलेली आहेत. बोटीचं डोकं वर उचललं जातंय असं यंत्राला कळलं की पाती आपोआप कोन बदलून तिला दाबून धरतात. तरीही वायव्येचा वारा अंगावर आला की काहींना बोट लागतेच. जेट असो की शिडाचं गलबत, ज्याला लागायची त्याला लागते! आणि वारा फारच चढला की फेरी रद्द होते. वेळापत्रकापेक्षा कप्तानाचा शब्द मोठा.

चढण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. बे व्ह्यू भागात, तटरक्षक दलाच्या ठाण्याशेजारी मिलवॉकीचा धक्का आहे. गाड्या आधी रांगांमध्ये लावून घेतात : लहान मोटारी एकीकडे, उंच गाड्या, मागे होडी जोडलेल्या गाड्या दुसरीकडे. बोटीवरचा माणूस हातांच्या खुणांनी एकेक गाडी आत घेतो. गाडी ज्याची त्याने चालवायची, पण थांबायचं त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर. मग समोरच्या गाडीचा बंपर आपल्या बंपरला लागेल असं कितीही वाटो. हातब्रेक लावायचा, गियरमध्ये ठेवायची, चोरघंटा बंद करायची. ही शेवटची सूचना महत्त्वाची. नाहीतर पहिल्या मोठ्या लाटेसरशी गाड्या केकाटायला लागतील. मग सगळ्यांनी वर जायचं आणि पलीकडे पोचेपर्यंत खालचा डेक बंद.

मोटारसायकलवाल्यांचं काम जरा वेगळं. मोटारीला चार चाकं असतात, ती आपलीआपण उभी राहते. मोटारसायकलला पट्ट्यांनी दोन्ही बाजूंनी ताणून डेकच्या कड्यांना बांधावं लागतं. मिलवॉकी हे हार्ले-डेव्हिडसनचं गाव. 1903 मध्ये ती कंपनी तिथेच जन्मली. त्यामुळे उन्हाळ्यात या बोटीवर काळी चामडी जाकिटं घातलेले, पोट सुटलेले, दाढी पिकलेले स्वार ठिकठिकाणी दिसतात. गाडीवर जीव एवढा की पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये रंग खरवडू नये म्हणून रुमाल सारत बसलेले. अडीच तासांच्या प्रवासात खाली आपली गाडी उभी आहे ना, ही धाकधूक त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येते.

मिलवॉकीहून निघाल्यावर होन पूल आणि कला संग्रहालयाचे पंखासारखे पसरलेले पांढरे बाहू मागे पडतात. मग बराच वेळ चारही बाजूंना नुसतं पाणी. आणि शेवटी मस्कीगनच्या वाळूच्या टेकड्या, कालव्याच्या तोंडाशी उभा लाल दीपस्तंभ, दुसऱ्या महायुद्धातली ‘सिल्व्हरसाइड्स’ ही पाणबुडी आणि त्यापुढे आतलं मस्कीगन सरोवर. धक्का याच आतल्या सरोवरावर. तिथून थोड्याच अंतरावर ग्रँड ट्रंकच्या जुन्या धक्क्याशी आणखी एक बोट उभी दिसते : तीच ‘मिलवॉकी क्लिपर’. थांबल्यानंतर ती शिकागोच्या नेव्ही पिअरवर, मग इंडियानात अशी फिरत राहिली आणि 1997 च्या डिसेंबरात मस्कीगनला परत आली. आज ती संग्रहालय आहे. तिचंच काम पुढे नेणारी बोट रोज तिच्याजवळून ये-जा करते.

त्याच उन्हाळ्यातल्या दोघी

2004 च्या जून महिन्यात ‘लेक एक्स्प्रेस’खेरीज ‘स्पिरिट ऑफ ओंटारियो’ आणि ‘फेअरवेदर’ याही निघाल्या. तिघींचं तंत्र जवळपास एकच : हलका धातू, जोड-काया, जलजेट.

‘स्पिरिट ऑफ ओंटारियो’ न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून ओंटारियो सरोवर ओलांडून कॅनडातल्या टोरांटोला जायची. दोन देशांमधला मार्ग, म्हणून देशात बांधलेल्या बोटीची अट नाही. ऑस्टलने ती ऑस्ट्रेलियातच बांधली. डामडौल मोठा : 774 प्रवासी, 238 मोटारी. ‘लेक एक्स्प्रेस’च्या पाचपट गाड्या! पण दोन देश म्हटल्यावर सीमाशुल्क आलं, पासपोर्टाच्या रांगा आल्या, परदेशी झेंड्याच्या जहाजाला लागणाऱ्या पथदर्शकांचा खर्च आला. आणि रस्ता? रॉचेस्टर ते टोरांटो मोटारीने तीन तासांच्या आसपास. बोटीला सव्वादोन. वळसा होता, पण गाडी बोटीवर चढवण्या-उतरवण्यात तो फिटून जायचा. 17 जूनला सुरू झालेली सेवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कर्जात बुडून थांबली. 2005 मध्ये रॉचेस्टर शहराने लिलावात सव्वातीन कोटी डॉलरच्या घरात ती विकत घेतली आणि सरकारी हौसेने पुन्हा चालवली, तेही डिसेंबरपर्यंत. जानेवारी 2006 मध्ये नव्या महापौरांनी कायमचा पडदा पाडला. बोट परदेशात विकली गेली आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत धावू लागली.

‘फेअरवेदर’ अलास्का राज्य सरकारची. बेटं, खाडी, रस्ते नाहीत. म्हणजे तिथे फेरी हाच रस्ता. पण वेगाला इंधन लागतं, आणि गर्दी नसलेल्या मार्गावर ते इंधन सरकारी तिजोरीला परवडेना. 2019 नंतर ती उभीच राहिली आणि 2021 मध्ये आपल्या धाकट्या बहिणीसह स्पेनमधल्या कंपनीकडे गेली.

मोबीलच्याच गोदीत ऑस्टलने पुढे हवाईसाठी शंभर मीटरहून लांब बोटी बांधल्या. ‘हवाई सुपरफेरी’ 2007 मध्ये सुरू झाली. पर्यावरणाचा अभ्यास टाळल्याबद्दल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारविरुद्ध निकाल दिला आणि 2009 च्या मार्चमध्ये ती बंद पडली. बोटी शेवटी नौदलाने घेतल्या. ‘लेक एक्स्प्रेस’ बांधून हात बसलेल्या त्या गोदीने पुढे अमेरिकन नौदलाची अ‍ॅल्युमिनियमची लढाऊ जहाजं बांधली.

या सगळ्यांत सर्वात लहान, सर्वात कमी गाजावाजा झालेली बोट टिकली. नशीब हा भाग आहेच. बोटीच्या धंद्यात तो नाकारू नये. पण मला त्यात एक मोजमाप दिसतं. 46 गाड्यांची बोट भरायला 46 गिऱ्हाइकं पुरतात. 238 गाड्यांची बोट निम्मी भरली तरी मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. सीमेचा त्रास नाही, कारण सरोवर पूर्ण एका देशात आहे. आणि रस्त्यावरचा वळसा खरोखरच पाच तासांचा आहे. वेग महाग पडतो, पण वेगाने जो वळसा वाचतो तो त्याहून महाग असेल तर लोक तिकीट काढतात. बोटीचं खरं भांडवल तिची इंजिनं नव्हेत; शिकागो आहे.

थांबण्याची शिस्त

वसंतात आणि शरदात रोज दोन जाण्या-येण्याच्या फेऱ्या, ऐन उन्हाळ्यात तीन. तिसऱ्या फेरीला मिलवॉकीहून संध्याकाळी सातला निघालेली बोट मस्कीगनला साडेदहाला पोचते आणि रात्री अकराला परत निघून साडेबाराला घरी येते. एकाच बोटीवर सारा भार, दुसरी जोडीला नाही. म्हणजे एखादं इंजिन रुसलं तर पूर्ण दिवसाचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणूनच हिवाळ्याचे सहा महिने ही सक्तीची विश्रांती नुसती विश्रांती नसते. इंजिनं उघडायची, जेटमधली पाती तपासायची, कायेला लागलेलं पाहायचं, आसनं-गालिचे दुरुस्त करायचे. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारीच्या होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात आणि त्या काळात डागडुजी, रंगरंगोटी, जाळी विणणं उरकतात, तसंच.

जुन्या रूळबोटींना असं थांबणं कमीपणाचं वाटलं असतं. त्यांच्या पोटात माल होता. माल हिवाळ्यातही हवा असतो. या बोटीच्या पोटात सुट्टीवर निघालेली माणसं आहेत. आजी-आजोबांकडे चाललेली मुलं, सायकली मागे टांगलेल्या गाड्या, मिलवॉकीच्या संगीत महोत्सवाला येणारी आणि मिशिगनच्या वाळूकिनाऱ्यांवर जाणारी मंडळी. बर्फ पडायला लागल्यावर त्यांना पलीकडे कशाला जायचंय? हंगामाशी भांडण न करता त्याच्या मापाची बोट चालवायची, हे ज्यांना जमलं त्यांची सेवा टिकली. ‘बॅजर’ने कोळशाची राख सरोवरात टाकण्यावरून पर्यावरण खात्याशी झालेल्या तंट्यानंतर राख साठवून काठावर उतरवायला सुरुवात केली आणि ती तगली. ‘लेक एक्स्प्रेस’ वेगाची बोट असूनही वेगाच्या मोहात पडली नाही; दुसरी, मोठी बोट आणण्याच्या घाईत गेली नाही. 2024 मध्ये तिला वीस वर्षं पूर्ण झाली. सरोवर ओलांडून गाड्या नेणाऱ्या या दोनच बोटी आज आहेत, एक कोळशाची आणि एक जेटची, आणि दोघीही हिवाळ्यात झोपतात.

ऑक्टोबरच्या शेवटी शेवटची गाडी उतरते. धक्क्यावरची नावनोंदणीची खिडकी बंद होते. मिलवॉकी आणि मस्कीगनमधलं पाणी पुन्हा रिकामं होतं आणि ज्याला पलीकडे जायचंय त्याच्यापुढे एकच वाट उरते : दक्षिणेला उतरायचं, शिकागोच्या रांगेत लागायचं, पुन्हा उत्तरेला चढायचं. जानेवारीतल्या एखाद्या शुक्रवारी, पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत तासभर तिथे जो अडकून पडतो, तो मे महिन्यात सकाळी सहाच्या बोटीच्या रांगेत भेटतो. त्याला बोटीची जाहिरात वेगळी करावी लागत नाही.